शनिवारी नोकरी गेली. उद्या गेटवर जायचं की नाही?

कुपवाड_फर्स्ट_शिफ्ट | ३ फेब्रुवारी, रात्री ११:१०

इथं मी एरवी फक्त वाचतो. पुराच्या आणि मिसळीच्या धाग्यांवर दोन-चार प्रतिसाद दिले असतील, तेवढंच. आज लिहितोय कारण झोप येत नाही.

कुपवाड एमआयडीसीत एका मशीनशॉपमध्ये जून २००९ पासून आहे. होतो म्हणायचं का, तेच कळत नाही. पंपाची कास्टिंग येतात, मशीनिंग होऊन पुढं जातात. मी फायनल इन्स्पेक्शनला. वय ४४. कायम माणसं साधारण १८०, कॉन्ट्रॅक्टची वेगळी.

गेल्या शनिवारी, ३१ तारखेला, शिफ्ट सुटायच्या आधी एचआरच्या केबिनमध्ये बोलावलं. मला वाटलं ऑडिटचं काहीतरी असेल. टेबलावर टाइप केलेला कागद तयार. "ऑर्डरी कमी आहेत, वरून निर्णय झालाय. राजीनाम्यावर सही करा. तीन महिन्यांचा पगार देतो, ग्रॅच्युइटी देतो, अनुभवाचं पत्र झकास देतो. उगाच ताणू नका." कागदावर माझ्या आडनावातला एक काना राहिला होता. सवय अशी की आधी चूकच दिसते. ती दाखवली तर म्हणाले, दुरुस्त करून आणतो, तोवर पाणी घ्या.

सही केली नाही. शौर्य वगैरे काही नाही, हात थरथरत होता म्हणून "घरी विचारून सांगतो" म्हटलं. "सोमवारपासून यायची गरज नाही, पंच बंद केलाय," असं उत्तर मिळालं.

गेटवर सिक्युरिटीच्या मामांनी डबा उघडायला लावला. सोळा वर्षांत कधी लावला नव्हता. अर्धी भाकरी आणि मेथीची भाजी उरलेली होती. त्यांनी माझ्याकडं न बघता रजिस्टरला लिहिलं: डबा १, छत्री १. माझा मायक्रोमीटर मात्र ठेवून घेतला. मिटुटोयोचा, झीरो ते पंचवीसचा. पहिल्या वर्षाच्या पगारातनं साठवून मी स्वतः घेतलेला आहे. पण मोजमापाचं काहीही गेटपासशिवाय बाहेर जात नाही, हा नियमच आहे आणि तो पाळायला मीच कितीजणांना लावलाय.

आणखी एक सांगतो, नाहीतर अर्धंच सांगितल्यासारखं होईल. ऑगस्टमध्ये लाइनवर कॅमेऱ्याचं मशीन बसवलं. चांगला जॉब म्हणजे नग कुठला, ब्लोहोल (ओतताना हवेनं पडलेलं भोक) कुठला, नुसता डाग कुठला, हे त्याला शिकवायला सहाशे जॉब मीच निवडून दिले. आणि डिसेंबरात कॉन्ट्रॅक्टची अकरा पोरं कमी केली तेव्हा मी कॅन्टीनमध्ये चहा पीत होतो. वाईट वाटलं, चहा संपवला, आत गेलो.

मंडळींना त्याच रात्री सांगितलं. आई-बाबा पलूसकडं गावी, त्यांना अजून नाही. मुलीची दहावीची परीक्षा तोंडावर आलीय, तिलाही नाही. काल आणि आज साडेसहाला गाडी काढून बाहेर पडलो, कारण गल्लीतल्या अर्ध्या लोकांचं घड्याळ माझ्या गाडीच्या आवाजावर चालतं. काल हरिपूरला संगमावर जाऊन बसलो. तिथं एक ओळखीचा भेटलाच. "काय, आज सुट्टी?" सांगलीत माणसाला लपायला जागा नाही बघा.

विचारायचं एवढंच: उद्या काय करू?

---

भडंग_पार्सल | ३ फेब्रुवारी, रात्री ११:३१

आधी झोप. खरंच सांगतो. सही केली नाहीस हे या शनिवारातलं एकमेव बरोबर काम झालं, ते हात थरथरल्यामुळं झालं तरी चालतंय. हाताला तुझ्यापेक्षा जास्त अक्कल हाय म्हणायची.

संगमावर जाऊ नको. तिथं निम्मी सांगली येते. बसायचंच असेल तर माझ्या दुकानाच्या माळ्यावर पोती आहेत, चहा फुकट.

---

कोर्टाची_पायरी | ४ फेब्रुवारी, सकाळी ६:०२

वीस-बावीस वर्षं कामगारांच्या केसेस चालवतोय. जरा लांब लिहितो, नीट वाचा.

आज गेटवर जा. शिफ्टच्या वेळेला, डबा घेऊन. आत सोडणार नाहीत. भांडू नका, गेटचा वेळेसकट फोटो काढा आणि परत या. मग कंपनीच्या ईमेलवर आणि पोस्टानं पत्र पाठवा. मजकूर एवढाच: ३१ जानेवारीला मला तोंडी सांगून कामावर येण्यास मनाई केली, मी राजीनामा दिलेला नाही, मी कामावर हजर होण्यास तयार आहे. रागाचं एक अक्षर त्यात नको. रजिस्टर पोस्ट २०२५ मध्ये स्पीड पोस्टात विलीन झालंय, तेव्हा स्पीड पोस्ट करा आणि पोहोचल्याचा पुरावा घ्या.

हे नाटक कशासाठी? कारण दोन महिन्यांनी कंपनी म्हणणार, आम्ही काढलंच नाही, हा स्वतःच यायचा बंद झाला. माझ्याकडच्या निम्म्या केसेस इथंच लंगड्या होतात. माणूस लाजेनं घरी बसतो आणि कागदावर तो पळून गेलेला असतो.

दुसरं. ते म्हणतील तुम्ही स्टाफ, कामगार नाही, तुम्हाला कायदा लागत नाही. हुद्द्यावर काही ठरत नाही, प्रत्यक्ष काम काय करता यावर ठरतं. हातात गेज घेऊन जॉब तपासणं हे तांत्रिक काम झालं, त्याला पगाराची मर्यादा नाही. सुपरवायझर ठरलात तर मात्र आहे: महिना १८,००० च्या वर गेलं की कामगार नाही. म्हणून मला सांगा, तुमच्या हाताखाली कोण होतं आणि त्यांची रजा कोण मंजूर करायचं?

तिसरं, इंटरनेटवर वाचाल ते बहुतेक जुनं असेल. २१ नोव्हेंबर २०२५ पासून औद्योगिक संबंध संहिता लागू झाली आणि १९४७ चा औद्योगिक विवाद कायदा गेला. एकट्या माणसाला काढलं तरी तो औद्योगिक विवाद धरतात, हे पूर्वीसारखंच आहे. समेट अधिकाऱ्याकडं अर्ज करायचा, ४५ दिवसांत काही झालं नाही तर थेट ट्रिब्युनल. पूर्वी त्याला तीन वर्षं मुदत होती, आता दोन.

पगार आणि त्यातला बेसिक किती, तेही कळवा.

---

मातीशी_नातं | ४ फेब्रुवारी, सकाळी ८:४०

गावी जमीन असेलच. या गुलामीतून सुटलात असं समजा. शेतीकडे वळा, सेंद्रिय हळद करा, सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये जीआय मानांकन मिळालंय.

---

भडंग_पार्सल | ४ फेब्रुवारी, सकाळी ८:५५

@मातीशी_नातं, तुम्ही राहता कुठं? प्रोफाइलला बाणेर दिसतंय. हळद मे-जूनला लावली तर पैसा पुढच्या वर्षी शिमग्याला. घराचा हप्ता पाच तारखेला.

---

कुपवाड_फर्स्ट_शिफ्ट | ४ फेब्रुवारी, दुपारी १:२०

शेतीचं एका ओळीत: वीस गुंठे, दोघा भावांत, ऊस. विषय संपला.

सकाळी गेटवर गेलो. पावणेसातला सगळी लाइन आत जाताना मी बाहेर उभा. काहीजणांनी हात केला, काहीजणांना एकदम मोबाइलमध्ये काम निघालं. मला राग नाही आला, डिसेंबरात मी चहाच पीत होतो. मामा बाहेर येऊन हळूच म्हणाले, "साहेब, इथं सावलीत थांबा, फोटो तिकडनं चांगला येईल." पत्र विश्रामबागच्या पोस्टातून गेलं.

@कोर्टाची_पायरी, हाताखाली तिघं होते. त्यांच्या रजेच्या अर्जावर माझी सही असायची, पण 'शिफारस' रकान्यात. मंजूर वरचे करायचे. एकूण पगार ३४,०००, बेसिक आणि डीए मिळून १७,०००.

---

कोर्टाची_पायरी | ४ फेब्रुवारी, रात्री ९:१५

'शिफारस' हा शब्द जपून ठेवा, सोन्यासारखा आहे. जुना एखादा रजेचा अर्ज फोटोत सापडतो का बघा.

आता हिशेब. जून २००९ ते जानेवारी २०२६ म्हणजे १६ वर्षं आणि सात-आठ महिने. सहा महिन्यांच्या वरचा तुकडा पूर्ण वर्ष धरतात, म्हणजे १७.

ग्रॅच्युइटी: १७,००० गुणिले १५, भागिले २६, गुणिले १७. साधारण १,६६,७३० रुपये. ही तुम्ही राजीनामा दिला तरी मिळते, काढलं तरी मिळते, पाच वर्षं झाली की हक्कच. "ग्रॅच्युइटी देतो" हे वाक्य म्हणजे तुमचंच पाकीट तुम्हाला भेट देण्यासारखं आहे. मुदत ३० दिवस.

कपात म्हणून काढलं तर एक महिन्याची नोटीस किंवा तिचा पगार, आणि वर्षाला १५ दिवसांप्रमाणे भरपाई. १७ वर्षांचे साडेआठ महिने. नव्या संहितेत वेतनाची व्याख्या बदललीय, म्हणून हातात येणाऱ्या आकड्यावर मोजू नका, १७,००० धरा. १,४४,५०० आणि नोटिशीचे १७,००० मिळून १,६१,५००. राजीनामा दिलात की हे सगळं उडतं. म्हणून त्यांना राजीनामा हवाय.

काढल्यावर राहिलेला पगार दोन कामाच्या दिवसांत द्यायचा असतो. जानेवारीचा आला का?

आणि तुमच्याच कामावर तुमच्या मागून लागलेला माणूस आत असेल तर लिहून ठेवा. शेवटी आलेला आधी जातो, हा कपातीचा नियम आहे. मोडायचा तर लेखी कारण लागतं.

---

कुपवाड_फर्स्ट_शिफ्ट | ४ फेब्रुवारी, रात्री ९:४८

२०१९ चा एक आहे आत. चांगला पोरगा आहे, त्याचं नाव यात यावं असं वाटत नाही.

आणि लाज वाटते सांगायला. एचआरनं तो कागद सोमवारी व्हॉट्सॲपवर पाठवला होता, आत्ता उघडून नीट वाचला. 'तीन महिन्यांचा पगार' म्हणजे ५१,००० लिहिलंय. बेसिकवर. शनिवारी मला काना राहिलेला दिसला, आकडा दिसला नाही. सोळा वर्षं इन्स्पेक्शन केलं म्हणे.

---

टेबलापलीकडे | ५ फेब्रुवारी, दुपारी १२:०५

शिव्या खायच्या तयारीनं लिहितेय. मी एचआरमध्ये आहे. त्या कंपनीत नाही, दुसऱ्या जिल्ह्यात.

यादी बहुतेक वेळा गुरुवारी-शुक्रवारी वरून येते, आम्हाला फक्त शनिवार दिला जातो. शनिवार का, तर रविवारी माणूस थंड होतो आणि सोमवारी गेटवर गर्दी होत नाही. राजीनामा का, तर कपात केली की सरकारला कळवावं लागतं आणि मोठे ग्राहक ऑडिटला विचारतात. पहिला आकडा कधीच शेवटचा नसतो. माझ्या हातात दर वेळी एक वरचा आकडा असतो आणि दहातली आठ माणसं पहिल्यावरच सही करतात.

'रेकॉर्ड खराब होईल' याला घाबरू नका. पुढच्या कंपनीचा माणूस कागद बघत नाही, तो तुमच्या जुन्या सुपरवायझरला फोन करतो.

---

भडंग_पार्सल | ५ फेब्रुवारी, दुपारी १२:२०

ताई, झोप लागते का?

---

टेबलापलीकडे | ५ फेब्रुवारी, दुपारी १२:२६

शनिवारी नाही लागत.

---

पासबुकवाले_काका | ५ फेब्रुवारी, सायं. ५:१०

आयुष्य बँकेच्या काउंटरमागे गेलं, त्यातलं सांगतो. घराचा हप्ता थकायच्या आधी शाखेत जा. थकल्यावर गेलात की तुम्ही वसुलीच्या यादीतले, आधी गेलात तर ग्राहक. ९० दिवस थकलं की खातं एनपीए, म्हणजे थकीत कर्ज, होतं आणि मग शाखा व्यवस्थापकाच्याही हातात फार राहत नाही. मुदत वाढवून हप्ता कमी करायचा अर्ज नोकरी गेल्याच्या पहिल्याच महिन्यात द्यावा. लोक उलटं करतात. पहिले तीन हप्ते बायकोचे दागिने ठेवून भरतात आणि चौथ्याला आमच्यासमोर रडतात.

पीएफला हात लावू नका. ऑक्टोबर २०२५ मध्ये विश्वस्त मंडळानं ठरवलंय की नोकरी गेल्यावर ७५ टक्के लगेच काढता येतील, उरलेले वर्षभर बेकार राहिल्यावर. काढता येतात म्हणून काढायचे नसतात. तुमची पेन्शनची १० वर्षं झालेली आहेत, ५८ नंतरचं पेन्शन पक्कं. ते मोडू नका.

आमच्या हरिपूरची पेवं माहीत आहेत ना? जमिनीखाली हळद वर्षानुवर्षं राहायची, कीड नाही, काही नाही. पण पेव उघडलं की सगळं काढावं लागायचं, थोडं काढून झाकता येत नसे. पीएफचं तसंच समजा. (२००५ च्या पुरात त्या पेवांत पाणी शिरलं, ही वेगळी गोष्ट.)

---

अवांतर_राव | ५ फेब्रुवारी, सायं. ६:००

अवांतर: पेवातली हळद वासाला वेगळीच असायची. चालू द्या.

---

तशाच_अकरातला | ६ फेब्रुवारी, रात्री १०:४४

तुमच्या अकरातला नाही, पण दुसऱ्या शेडमधल्या तशाच अकरातला. आमच्यासाठी कुणी धागा काढत नाही, म्हणून इथंच लिहितो.

आम्हाला केबिन नसते. ठेकेदाराचा फोन येतो, "उद्या ब्रेक." ब्रेक किती दिवसांचा विचारायचं नसतं. ज्यांचा पगार २१,००० च्या आत आहे आणि ईएसआय (कामगार विमा) कापला जातो त्यांनी अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना विचारा. नोकरी गेल्यावर सरासरी रोजच्या वेतनाच्या निम्मे, जास्तीत जास्त ९० दिवस, आयुष्यात एकदा. गैरवर्तनाबद्दल काढलं असेल तर नाही. मी अर्ज केला तर कळलं ठेकेदारानं माझे मधले सहा महिने भरलेच नव्हते, पगारातनं मात्र कापले होते. तेव्हा पोरांनो, नोकरीत असतानाच पोर्टलवर आपला भरणा बघत जा. गेल्यावर बघून माझ्यासारखं होतं.

तुम्ही चहाचं लिहिलं ते वाचलं. लिहिलं हे बरं केलं. जास्त काही म्हणत नाही.

---

कुपवाड_फर्स्ट_शिफ्ट | ६ फेब्रुवारी, रात्री ११:३०

तुम्हाला काय उत्तर द्यावं कळत नाही. आमच्या अकरांपैकी चौघांचे नंबर माझ्याकडं आहेत. उद्या फोन करून ईएसआयचं सांगतो. डिसेंबरात करायला पाहिजे होता.

---

तासगाव_ते_पुणे | ७ फेब्रुवारी, सकाळी ७:१८

मुलीबद्दल कुणी बोललं नाही म्हणून मी बोलते. परीक्षा होईपर्यंत सांगायचं नाही असं तुम्ही ठरवलेलं दिसतंय. माझ्या बाबांनीही तेच ठरवलं होतं. १९९८, मी बारावीला. ते रोज डबा घेऊन जायचे आणि संध्याकाळी वेळेवर यायचे. मला चौथ्या दिवशी कळलं. त्यांच्या शर्टाला कुलंटचा वास यायचा बंद झाला होता. आई कपडे भिजवायची त्या बादलीतलं पाणी स्वच्छ राहायला लागलं.

मला माहीत आहे हे त्यांना माहीत नव्हतं, आईला माहीत होतं की मला माहीत आहे, आणि आम्ही तिघं जेवताना क्रिकेटवर बोलायचो. आमच्या घरात क्रिकेट कुणालाच कळत नव्हतं. पेपर बरे गेले. पण ते दोन महिने मला आजही बाबांवर रागावल्यासारखे आठवतात. नोकरी गेली म्हणून नाही, मला लहान धरलं म्हणून.

नंतर पुण्यात माझी स्वतःची आयटीतली नोकरी गेली तेव्हा गंमत उलटी होती. सोसायटीत कुणाला पत्ताच नाही, कुणी विचारलंही नाही. तुम्हाला सांगलीचा "काय, आज सुट्टी?" टोचतो. मला सव्वा महिना तो कुणीच विचारला नव्हता.

---

पासबुकवाले_काका | ७ फेब्रुवारी, सकाळी ९:३०

ताईंशी असहमत. पोरगी पंधरा-सोळा वर्षांची, वर्षभर राबलीय. महिन्याभरानं काय बिघडतं? आई-बापाचं ओझं आई-बापानं वाहायचं.

---

टेबलापलीकडे | ७ फेब्रुवारी, सकाळी १०:०२

काका, ओझं ती आधीच वाहत असेल तर? त्याच कंपनीतल्या कुणाचं तरी पोर तिच्या वर्गात असणारच. कुपवाड केवढं आहे?

---

सेलमचा_गलाईवाला | ८ फेब्रुवारी, रात्री १२:१५

आम्ही खानापूरकडचे, तमिळनाडूत सोनं गाळतो, तिसरी पिढी. आजोबा गेले तेव्हा गावात दुष्काळ, तिथं एक अक्षर भाषेचं येत नव्हतं. दुकानाला हिशेबाचा, विश्वासाचा माणूस कायम लागतो. सांगली सोडायची तयारी असेल तर निरोप टाका. नसेल तरी राग नाही. खरं सांगायचं तर आम्हालाही दर यात्रेला गावी आल्यावर परत जाऊ वाटत नाही.

---

विम्याचा_हप्ता | ८ फेब्रुवारी, सकाळी ११:००

एक घाईचं. कंपनीच्या ग्रुप मेडिक्लेममध्ये होतात ना? नोकरीचा शेवटचा दिवस तो तिचा शेवटचा दिवस. त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत बदलून घेता येते, म्हणजे आधीच्या आजारांची प्रतीक्षा पुन्हा पहिल्यापासून सुरू होत नाही. पण लगेच अर्ज करावा लागतो. आई-बाबा त्यात असतील तर आधी हे करा, बाकी भांडण नंतर.

---

कुपवाड_फर्स्ट_शिफ्ट | १२ फेब्रुवारी, रात्री १०:०५

बरंच झालं मधे.

विमा केला. बँकेत गेलो, काका म्हणाले तसंच झालं, बाईंनी बसायला खुर्ची दिली. जानेवारीचा पगार सहाव्या दिवशी आला, पत्र पोचल्याच्या दुसऱ्या दिवशी. योगायोग असेल.

मुलीला सांगितलं. म्हणजे सांगायला बसलो आणि तिनं विज्ञानाचं पुस्तक मिटून विचारलं, "गाडीचं पेट्रोल कशाला जाळताय मग सकाळी?" तिला रविवारपासून माहीत होतं, क्लासमधल्या मैत्रिणीकडून. @टेबलापलीकडे, कुपवाड खरंच केवढुसं आहे. मग म्हणाली आता घरीच आहात तर मला सकाळी पाचला उठवा, आईच्यानं होत नाही. तसा मी साडेपाचला उठतोच, अर्धा तास अलीकडं आणला.

सहायक कामगार आयुक्तांच्या कार्यालयात अर्ज दिला. कंपनीला नोटीस गेली असावी, कारण काल एचआरचा फोन आला आणि 'तुम्ही' वरून एकदम 'आपण' वर आले. नवा आकडा १,१०,०००, ग्रॅच्युइटी वेगळी. राजीनामा हवाच म्हणतात.

आणि एक प्रश्न. कुपवाडलाच एक छोटं वर्कशॉप आहे, आठ लेथ. मालक मला ओळखतो. आठवड्यातले दोन दिवस येऊन इन्स्पेक्शन रिपोर्ट बनवून दे म्हणतो, दिवसाला ८००. घेतलं तर केसला अडचण येईल का?

---

कोर्टाची_पायरी | १२ फेब्रुवारी, रात्री १०:५०

घ्या. पण लपवू नका. पुढं ट्रिब्युनलात मागचा पगार मागायची वेळ आली तर 'मधल्या काळात कमावत होता का' हा पहिला प्रश्न असतो. शपथेवर नाही म्हणालात आणि त्यांनी त्या वर्कशॉपचा माणूस उभा केला, की खरी केससुद्धा खोटी दिसते. दोन दिवसांचे १,६०० मिळत होते म्हणून सांगितलंत तर कुणी फाशी देत नाही.

राजीनामा नाही म्हणजे नाही. तडजोड करायची तर समेट अधिकाऱ्यासमोर, लेखी, 'कपात' या शब्दासह. १,६१,५०० हा हक्क आहे, त्याच्या खाली उतरायचं की नाही हे तुमचं घर बघून ठरवा. केस लढलात तर बरीच वर्षं जातील. मी वकील असून सांगतो, सगळ्यांनी लढावं असं मला वाटत नाही.

---

तशाच_अकरातला | १३ फेब्रुवारी, सकाळी ६:२०

लढा. तुम्ही खाली उतरलात की पुढच्याचा पहिला आकडा ५१ च राहतो.

---

भडंग_पार्सल | १३ फेब्रुवारी, सकाळी ९:००

भावा, तत्त्व बरोबर आहे तुझं, पण हप्ता त्याचा आहे. @धागाकर्ता, तुझं तू ठरव, आम्ही दोन्हीकडनं हायच.

---

कुपवाड_फर्स्ट_शिफ्ट | २८ फेब्रुवारी, रात्री ९:३५

समेट अधिकाऱ्यासमोर दोन तारखा झाल्या. पहिल्या तारखेला कंपनीचा माणूस म्हणाला मी सुपरवायझर. 'शिफारस'चा कागद दाखवला, २०२२ चा, एका पोराच्या लग्नाच्या रजेचा. त्यानं व्हॉट्सॲपवर शोधून पाठवला, तोच २०१९ वाला. साहेबांनी कागद दोनदा वाचला. दुसऱ्या तारखेला १,५०,००० आणि 'कपात' हा शब्द, दोन्ही आले. पुढच्या गुरुवारी सह्या आहेत. @तशाच_अकरातला, साडेअकरा हजार मी सोडले, हे तुम्हाला इथंच सांगतो. परत वर्षानुवर्षं तारखांना जायचं माझ्यानं होणार नाही. आमच्या चौघांपैकी दोघांचे ईएसआयचे अर्ज गेलेत, एकाचा भरणा नीट आहे.

ग्रॅच्युइटी अजून आली नाही. वर्कशॉपला मंगळवार-शुक्रवार जातो. आई-बाबांना गावी जाऊन सांगितलं. बाबा "बरं" म्हणाले आणि उसाला पाणी द्यायला गेले. येताना आईनं नेहमीपेक्षा दुप्पट शेंगा बांधून दिल्या.

काल गेटवर मायक्रोमीटर घ्यायला गेलो. या वेळी रीतसर गेटपास होता. मामांनी रजिस्टरला लिहिलं: मायक्रोमीटर ०–२५, १ नग, स्वतःच्या मालकीचा. 'स्वतःच्या मालकीचा' हे त्यांचं त्यांनीच वाढवलं, रकाना नव्हता तर समासात. घरी आणून पुसला, तोंडं मिटवून बघितलं तर झीरो दोन घरं सरकलेला. महिनाभर कुणीतरी वापरलाय आणि घट्ट आवळलाय. झीरो मी स्पॅनरनं घेईन, पण वर्कशॉपच्या रिपोर्टला कॅलिब्रेशनचं सर्टिफिकेट लागतं. मिरज-सांगलीत सुट्ट्या एका नगाचं करून देणारं कुणी माहीत आहे का?

---

भडंग_पार्सल | २८ फेब्रुवारी, रात्री ९:५०

मेहुणा मिरजेत एका लॅबमध्ये आहे. सोमवारी दहाला दुकानावर ये, बरोबर जाऊ. डबीसकट आण, नुसता खिशात घालून आणू नको.